‘नेहमी कसा असतो?’ : बोलू न शकणाऱ्या माणसाला घेऊन कॅज्युअल्टीत जाताना

माझ्या दादाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. वय 41. बोलत नाही, चालत नाही, पण गॅसवर चहाचं पातेलं ठेवल्याचा आवाज आला की मान वळवून हसतो. त्याला घेऊन आम्ही आजवर सहा वेळा रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत गेलो. दुसऱ्या खेपेला ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, “हे असेच असतात ना?” दादा दोन दिवस जेवला नव्हता, गप्प पडून होता, पोट ताठ झालं होतं. मी गांगरून म्हणाले, “हो, तो बोलत नाही.” डॉक्टरांना वाटलं, गप्प असणं नेहमीचंच. आतडं अडलंय हे कळायला पुढे नऊ तास गेले.

त्या नऊ तासांचा राग मी बरीच वर्षं त्या डॉक्टरांवर धरला. आता वाटतं, प्रश्न त्यांनी बरोबरच विचारला होता, उत्तर मी भलतंच दिलं. कॅज्युअल्टीतला डॉक्टर तुमच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा बघत असतो. हा माणूस नेहमी कसा असतो आणि आज काय बदललंय, हे सांगायला तिथे तुमच्याशिवाय कुणी नसतं. खाली जे लिहिलंय ते बहुतेक याच एका गोष्टीसाठी आहे. ओघात दादाची उदाहरणं येतील, पण ऑटिझम, डाउन सिंड्रोम, मणक्याची दुखापत, कर्णबधिरत्व असलेल्यांच्या घरांसाठीही जे ठाऊक आहे ते घातलंय.

आज संध्याकाळीच करा: एक पान

जाडजूड फाईल रात्री दोन वाजता कुणी वाचत नाही. एकच पान करा, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं चालेल. औषधांची नावं आणि डोस इंग्रजीत, बाकी मराठीत. तीन प्रती काढा: एक पिशवीत, एक फ्रिजच्या दारावर, एक शेजारच्या काकूंकडे. फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका.

वर नाव, वय, रक्तगट, अपंगत्वाचा प्रकार, कशाची ॲलर्जी. स्पायना बायफिडा (जन्मापासून मणका नीट न मिटलेला) असलेल्यांना लॅटेक्सची, म्हणजे रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असण्याची शक्यता बरीच असते, ते ठळक लिहा. मग वजन. बहुतेक घरं हेच विसरतात. औषधाचा डोस वजनावर ठरतो आणि उभं न राहू शकणाऱ्या माणसाचं वजन कॅज्युअल्टीत अंदाजानेच धरतात. दादा दिसतो पंचावन्न किलोचा, आहे 38. दर तीन महिन्यांनी मी त्याला उचलून काट्यावर उभी राहते, माझं वजन वजा करते आणि तारखेसह लिहून ठेवते. (उचलणं झेपत नसेल तर दवाखान्यात व्हीलचेअरसकट वजन करून मागा.)

त्याखाली ‘नेहमी’चा भाग. आमच्या पानावर तो असा आहे:

नेहमी: डोळ्यांत बघतो. हाक मारली की डाव्या बाजूला मान वळवतो. उजवा हात कायम कडक, कोपरात वाकलेला, तो जोर लावून सरळ करू नये. मऊ भात चमच्याने, बसवूनच. पाणी घट्ट करून. शौचाला दोन दिवसांतून एकदा. फिट महिन्यातून एखादी, अर्ध्या मिनिटाची.

दुखत असेल तर: डाव्या हाताचा अंगठा चावतो. खूप दुखत असेल तर एकदम गप्प होतो, डोळे मिटून घेतो. रडत नाही.

शांत करायला: छातीवर हात ठेवा, आधी नाव घ्या, मग स्पर्श करा.

सर्वांत खाली सध्याची औषधं, वेळांसकट, आणि शेवटचा डोस कधी दिला ते पेनाने लिहायला मोकळी जागा. कोणती औषधं अचानक थांबवायची नाहीत त्यापुढे खूण करा. फिटची औषधं त्यात येतातच. स्नायू सैल ठेवायला बॅक्लोफेन चालू असेल तर तेही. ते एकदम बंद झालं तर ताप, तीव्र कडकपणा, फिट असे धोके असतात. ‘तोंडावाटे काही द्यायचं नाही’ असं सिस्टरनी सांगितलं की घरचे इमानेइतबारे गोळ्याही बंद करतात. तेव्हा विचारायचं, “फिटचं औषध शिरेतून किंवा नळीतून देता येईल का?”

पिशवी

पान, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, आधार आणि रेशनकार्डाच्या प्रती, दोन दिवसांची औषधं मूळ पाकिटांसह, डायपर, प्लास्टिकची चादर, नेहमीचा चमचा आणि वाटी, चार्जर, लांब वायरची एक्स्टेन्शन बोर्ड. श्रवणयंत्र असेल तर त्याचे सेल. आवडती गोधडी. वॉर्डातली चादर दादा ओढून काढतो, गोधडी काढत नाही.

कधी थांबायचं नाही

बोलणारा माणूस ‘दुखतंय’ म्हणतो आणि घर हलतं. न बोलणाऱ्याच्या बाबतीत आपण ‘सकाळी बघू’ म्हणतो. काही गोष्टींत सकाळपर्यंत थांबू नका.

फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो कधी आणि कसा वापरायचा हे आधीच शिकून घ्या आणि वापरल्याची वेळ लिहा. खाताना ठसका लागून नंतर ताप, धाप किंवा छातीत घरघर आली तर अन्न श्वासनळीत जाऊन झालेला निमोनिया असू शकतो. शौचाला बरेच दिवस नाही, पोट फुगलंय आणि उलटी होतेय, हे आतड्याचं लक्षण. डोक्यातलं पाणी काढायला शंट बसवलेली व्यक्ती पेंगुळली, उलट्या करू लागली, तर शंट बंद पडला असं धरूनच निघा.

मणक्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत दुखापत झालेल्यांची एक गोष्ट बऱ्याच जनरल डॉक्टरांनाही चटकन आठवत नाही. डोकं ठणकतंय, चेहरा लाल, घाम फुटलाय आणि रक्तदाब झपाट्याने चढतोय. कारण बहुतेकदा खालीच असतं: तुंबलेली लघवी, मुडपलेला कॅथेटर, साठलेला शौच. माणसाला आधी ताठ बसवा, कपडे-पट्टे सैल करा, कॅथेटरची नळी कुठे दुमडलीय का बघा आणि निघा. अशा व्यक्तीचा नेहमीचा रक्तदाब 90 ते 110 च्या आसपास असू शकतो. त्यामुळे 140 हा आकडा डॉक्टरांना किरकोळ वाटेल, तिच्यासाठी तो धोक्याचा असतो. म्हणून अशांच्या पानावर नेहमीचा रक्तदाबही लिहा.

घरातून गाडीपर्यंत

108 ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून आहे, पैसे लागत नाहीत, गाडीत डॉक्टर असतो. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: “पेशंट चालू शकत नाही, स्ट्रेचर वरपर्यंत आणावं लागेल, जिना अरुंद आहे.” हे न सांगितल्याने आमच्याकडे एकदा गाडीवाले खाली आणि आम्ही वर, अशी वीस मिनिटं गेली. ही गाडी साधारणपणे जवळच्या सरकारी दवाखान्यात नेते. नेहमीचे डॉक्टर दुसरीकडे असतील तर आधी जीव वाचवणारे उपचार, मग रेफर, हा क्रम मान्य करा.

उचलताना मजबूत चादरीत चौघांनी धरा. स्नायू कमजोर असणाऱ्या मुलांना काखेत हात घालून उचलू नका, ती खांद्यातून निसटतात. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. मान मागे झुकवू नये, हे गाडीतल्या डॉक्टरांनाही आणि पुढे श्वासनळीत नळी घालणाऱ्यांनाही सांगावं लागतं. पडून मार लागला असेल तर खुर्चीत बसवून उतरवायची घाई नको, स्ट्रेचरची वाट बघा.

कॅज्युअल्टीतली पहिली दहा मिनिटं

एकाने केसपेपर काढायचा, दुसऱ्याने पेशंटजवळ राहायचं. एकटेच असाल तर पेशंट सोडू नका, वॉर्डबॉयला किंवा शेजारच्या बाकावरच्या एखाद्या दादा-ताईंना खिडकीपाशी पाठवा. लोक करतात. दवाखान्यात अनोळखी माणसं जेवढी कामाला येतात तेवढी दुसरीकडे कुठे येत नाहीत.

डॉक्टर आले की अपंगत्वाची हकीकत पहिल्यांदा सांगू नका. जन्माच्या वेळी काय झालं, मुंबईला कुणाला दाखवलं, हे सगळं नंतर. मी आता पाठ केलेली तीन वाक्यं म्हणते: “आज हे बदललंय. नेहमी तो असा असतो. शेवटचं खाणं आणि शेवटचं औषध इतक्या वाजता.” मग हातात पान देते. त्या आतड्याच्या रात्री मी असं म्हणायला हवं होतं: “तो बोलत नाही, पण हाक मारली की मान वळवतो. काल सकाळपासून वळवत नाहीये. अंगठाही चावत नाहीये. दोन दिवस पोटात काही नाही, चार दिवस शौच नाही.”

व्हिडिओ दाखवा. दादा नेहमी कसा असतो याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ मी फोनमध्ये ठेवते, दर सहा महिन्यांनी नवा काढते. हसणारा दादा आणि समोर ट्रॉलीवर पडलेला दादा यांतला फरक दाखवायला मला इतकं सोपं दुसरं काही सापडलेलं नाही. फिटचाही व्हिडिओ काढा, शक्य असेल तर.

डॉक्टर तुमच्याशी बोलत असतील तरी मधूनमधून त्यांना पेशंटकडे वळवा: “त्याला सांगून हात लावा, त्याला कळतं.” पेशंट कर्णबधिर व्यक्ती असेल तर ती स्वतः उत्तर देऊ शकते, लिहून किंवा खुणांच्या भाषेच्या दुभाष्याला व्हिडिओ कॉल लावून. तुम्ही तिच्या वतीने भराभर बोलत सुटू नका. तिचा खुणा करायचा हात कोणता, ते सिस्टरना सांगा आणि सलाईन दुसऱ्या हाताला लावायला लावा. सलाईन त्याच हाताला लागलं की तिचं बोलणंच बंद होतं. अंध व्यक्तीच्या बाबतीत प्रत्येक जण आल्या-गेल्याचं तोंडाने सांगणं एवढी साधी गोष्ट पाळली जात नाही. ट्रॉली कुठे चाललीय हेही तिला कुणी सांगत नाही. तुम्ही सांगत राहा. ऑटिझम असलेल्याला कोपऱ्यातला बेड, शक्य तेवढा कमी उजेड आणि कानांवर हेडफोन मागून घ्या.

रांगेत थांबवलं तर सांगा की दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 च्या कलम 25 मध्ये तपासणी व उपचारात दिव्यांगांना प्राधान्य आहे. हे एक्स-रे, सोनोग्राफी, केसपेपरच्या खिडकीवर कामी येतं. कॅज्युअल्टीच्या टेबलवर मात्र ज्याचा जीव जास्त धोक्यात तो आधी, आणि तिथे कायदा काढून वाद घालू नये असं माझं मत आहे.

सुया, मशीन, बेशुद्धी

कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असेल किंवा डोक्यात शंट असेल तर एमआरआयच्या आधी ते तुम्ही स्वतः सांगा, कागदावर आहे म्हणून गप्प बसू नका. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार) असेल तर भूलतज्ज्ञांना आठवण करा, सक्सिनिलकोलीन हे औषध अशा रुग्णांत हृदय बंद पाडू शकतं. त्यांना ते माहीत असतं, पण हा आजार आहे हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं. याच आजारात श्वास उथळ असतो, त्यामुळे नुसता ऑक्सिजन चालू करून सोडल्यावर आत कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

सुई टोचण्याआधी पेशंटच्या डोक्याशी तुम्ही उभे राहा. हात बांधायची वेळ आली तर विचारा: कशासाठी, किती वेळ, कधी सोडणार? माझ्या अनुभवात बऱ्याच वेळा हातमोज्यासारखा पायमोजा घालून आणि हात धरून बसून काम भागतं. नाही भागलं तर दर थोड्या वेळाने बांधलेला हात तपासा.

सही कुणाची?

अडलेल्या क्षणी डॉक्टर जीव वाचवायला उपचार सुरू करू शकतात. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये स्पष्ट केलंय की सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने आणीबाणीच्या रुग्णाला आधी वाचवायचं, बाकीच्या औपचारिकता मागाहून.

खरा घोळ शस्त्रक्रियेच्या सहीवर होतो. व्हीलचेअरवरचा, अंध किंवा कर्णबधिर प्रौढ माणूस स्वतःची संमती स्वतः देतो. त्याला समजेल अशा रीतीने सांगून, त्याची सही किंवा अंगठा. भावाची, बापाची सही त्याच्या जागी चालत नाही, आणि डॉक्टर मागत असतील तर तुम्हीच म्हणा, “त्याला विचारा.” ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या आणि स्वतः निर्णय घेणं कठीण जाणाऱ्या प्रौढांसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. त्याला वेळ लागतो, म्हणून अठरा पूर्ण झाल्यावर लगेच अर्ज करा. आईबापाला वाटतं, आपण आईबाप आहोत, कागद कशाला. कागद आईबापानंतर लागतो. मानसिक आजार असलेल्यांनी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आपला नामनिर्देशित प्रतिनिधी बरं असतानाच लिहून ठेवावा.

रात्र

‘पेशंटजवळ एकच नातेवाईक’ आणि ‘पुरुष वॉर्डात बायका नाहीत’ हे दोन नियम मिळून मला दादाच्या बेडपासून तोडतात. आई सत्तरीची, वडील नाहीत, दुसरा भाऊ नाही. पहिल्या खेपेला मी रात्रभर जिन्यावर बसले. आता दाखल होतानाच आरएमओंना (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांना) विनंती करते की ‘बोलता न येणारा रुग्ण, नेहमीची काळजीवाहक बहीण सोबत आवश्यक’ असं फाईलवर लिहून सही करा. तोंडी परवानगी रात्री दहाच्या शिफ्टला संपते, फाईलवरची टिकते. मुलीला घेऊन एकटे आलेल्या वडिलांची अडचण याहून मोठी असते. त्यांनी कोपऱ्यातला, दारालगतचा बेड आणि पडदा मागावा, आणि कपडे बदलण्यासाठी आयाबाईंची वेळ ठरवून घ्यावी.

वॉर्डात काम करणाऱ्या मावशी आणि मामा यांची नावं पहिल्या तासात विचारा. कूस बदलणं, डायपर, बेडपॅन हे सगळं त्यांच्या हातात असतं. दर दोन तासांनी कूस बदला, टाचांखाली गुंडाळी ठेवा, माकडहाड आणि खांदे रोज बघा. लालसर डाग दाबूनही पांढरा होत नसेल तर तिथे जखम सुरू झालीय असं समजा आणि लगेच सिस्टरना दाखवा. भरवताना पाठ सरळ, मान किंचित पुढे, आणि भरवल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका. कुणी आडवं ठेवून पाणी पाजायला आलं तर मऊपणाने पण लगेच थांबवा.

आयसीयूत तुम्हाला बाहेर बसवतील. आपलं पान बेडच्या पायथ्याशी चिकटवायला सांगा आणि ‘दुखत असेल तर’ ही ओळ हायलाइट करा. दुखण्याचं मोजमाप करताना ‘एक ते दहा आकडा सांगा’ हे जिथे चालत नाही तिथे चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होणं बघून गुण देणारी फ्लॅक नावाची पद्धत असते. मुलांसाठी बनलेली आहे, न बोलणाऱ्यांसाठीही वापरली जाते. तुम्ही विचारू शकता: “फ्लॅकने बघता का? अंगठा चावला तर दुखतंय असं धरा.”

आणि थकवा. तिसऱ्या रात्री मी सिस्टरवर ओरडले होते. दर बारा तासांनी माणूस बदलायची व्यवस्था आजारपणाच्या आधीच ठरवा, त्यात पुतण्या-भाचेही येऊ देत.

‘कशाला एवढं करताय?’

हे वाक्य कुणीतरी बोलतंच. कधी डॉक्टर, जास्त वेळा आत्या. व्हेंटिलेटरचा प्रश्न आला की दबक्या आवाजात ‘यांची क्वालिटी ऑफ लाइफ’ असा शब्द येतो. मी एकच प्रश्न विचारते: “हाच निमोनिया माझ्या वयाच्या धडधाकट माणसाला झाला असता तर तुम्ही काय केलं असतं?” उत्तर तेच असेल तर उपचार तेच. अपंगत्व आणि आजार या दोन गोष्टी डॉक्टरांकडून वेगवेगळ्या लिहून मागा. उपचारांचा खरंच उपयोग नाही असं वैद्यकीय कारण असेल तर ते समजून घ्यायची आमची तयारी असते, ते कारण मात्र आजाराबद्दल असलं पाहिजे.

दबावाखाली ‘स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज’च्या कागदावर सही करू नका. एक रात्र झोपून मग ठरवा.

पैसे

दाखल होताच ‘आरोग्यमित्र’ (सरकारी आरोग्य योजनेचे मदतनीस) कुठे बसतात ते विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत यादीतल्या हॉस्पिटलांत ठरलेल्या आजारांसाठी कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. आणीबाणीत स्थिर होईपर्यंतचे उपचार डिपॉझिट न मागता सुरू करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवकांना भेटा, बिल बनण्याआधी, नंतर नाही. वर सांगितलेल्या चार प्रकारच्या अपंगत्वात नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही 1 लाखापर्यंतची विमा योजना आहे, तिचं कार्ड आधीच काढलेलं असायला हवं.

अपमान झाला, हाकललं, जमिनीवर ठेवलं, तर तारीख-वेळ-शिफ्ट लिहून ठेवा. माणूस घरी आल्यावर आधी हॉस्पिटलच्या अधीक्षकांकडे, मग पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. भांडण आणि उपचार एकाच रात्री नको.

निघताना

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथेच वाचा. जुनी औषधं कोणती चालू, कोणती बंद, फिटचा डोस बदलला का, कॅथेटर किंवा नाकातली नळी कधी बदलायची, कशासाठी परत यायचं. सिस्टरना म्हणा, “मी सांगते, तुम्ही बरोबर आहे का ते बघा,” आणि सगळं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवा. त्यात चुका सापडतात.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात दादा वेगळा असतो. हाक मारली तर उशिरा वळतो. गॅसवर पातेलं ठेवलं तरी काही दिवस हसत नाही. ज्या सकाळी पुन्हा हसतो, त्या सकाळी मी जुनं पान फाडते, नवं वजन, नवी औषधं आणि तारीख घालून दुसरं लिहिते, आणि एक प्रत काकूंकडे देऊन येते.